अडीच मणाचे मास्तर

छोट्या स्टेशनावर दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे कुणी सोडवून न नेलेली पार्सलं, आणि दुसरी म्हणजे किस्से. पार्सलांचा कधी ना कधी लिलाव तरी होतो. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही. तुमच्यासारखे दोस्त भेटले की वाटून टाकायचे, झालं!

परवा आपल्या बैठकीत वाद निघाला होता बघा, हॉटेलातलं खाऊन वजन उतरतं का म्हणून. कुणाच्या तरी भाच्यानं म्हणे असलं डाएट धरलंय. तुम्ही सगळे खो खो हसलात, मी गप्प बसलो. कारण हा प्रयोग मी या डोळ्यांनी पाहिलाय, आणि तोसुद्धा काट्यावर!

निजामी गेली, आपण भारतात आलो, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. मी नवा नवा पार्सल क्लार्क. स्टेशन आपल्या परभणी जिल्ह्यातलंच, चुडाव्याच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी. नाव सांगणार नाही. किस्सा काट्याचा आहे, उगीच कुणी अजून चौकशी लावायचा!

माणसं मोजकी. स्टेशन मास्तर श्रीपतराव, त्यांना सगळे नुसतं 'मास्तर' म्हणायचे. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन सटवाजी, राणीसावरगावकडचा धनगर. फलाटावर चहा-भज्यांचा ठेला चालवणारे गफूरचाचा. आणि मी, म्हणजे 'बाबू'. शिवाय मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू. काकूंना नोकरी नव्हती, पण स्टेशन त्यांच्याच हुकमानं चालायचं.

*

नोकरीतला माझा पहिला सोमवार. सकाळी सटवाजीनं पार्सल ऑफिसातला मोठा काटा पुसून चकचकीत केला. मास्तर रजिस्टर बगलेत मारून आले आणि सरळ काट्यावर चढून उभे राहिले. फळी करकरली. माणूस भरभक्कम होता.

मी विचारलं, "मास्तर, तुमचं वजन करायचंय का?"

"माझं कशाला? काटा तपासायचाय!"

मला काही उमजेना. मग सटवाजीनं समजावून सांगितलं. काटा दर सोमवारी तपासायचा, असा नियम. तपासायला शिक्क्याची, म्हणजे सरकारी छाप मारलेली वजनं लागतात. ती पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कुणीतरी उचलून नेली. नवी मागवायला अर्जावर अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही. आता काय करावं? तर वजनं हरवायच्या आधीच्याच आठवड्यात मास्तर सहज गंमत म्हणून काट्यावर उभे राहिले होते, आणि तेव्हा काट्यानं बरोबर अडीच मण दाखवलं होतं. म्हणजे शिक्क्याचं वजन घरातच होतं की!

दर सोमवारी मास्तर काट्यावर उभे राहायचे. दांडीच्या टोकाला एक आकडा होता, त्यात लोखंडी चकत्या अडकवलेल्या. दांडी अडीच मणावर स्थिर होईपर्यंत सटवाजी त्या चकत्या घालायचा नाहीतर काढायचा. एक चकती म्हणजे एक शेर, आणि असे चाळीस शेर म्हणजे एक मण. तेवढ्यात मास्तर वरच उभे राहून रजिस्टरात 'काटा बरोबर' असं लिहून सही ठोकायचे.

मी भीत भीत म्हटलं, "पण मास्तरांचं वजन कमी-जास्त झालं तर?"

सटवाजी हसला. "बाबू, साहेब काकूच्या हातचं जेवायलेत. कमी कसं व्हतंय? आन याच्याहून जास्त व्हायला जागाच न्हाई!"

मास्तरसुद्धा हसले. मीही हसलो आणि तो प्रश्न विसरून गेलो.

*

पावसाळ्यात एका दिवशी सकाळच्या गाडीनं दोन पत्रं आली. एक पालमहून, मास्तरांच्या जावयाचं. लेक शांता हिला दिवस गेले होते, तिसरा महिना. मास्तरांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं.

दुसरं पत्र सरकारी. विलीनीकरणानंतर जुन्या नोकरांची नव्यानं डॉक्टरी तपासणी चालू होती. मास्तरांचं वजन फार आहे, दिवाळीनंतर पुन्हा तपासू, तेव्हा दोन मण दहा शेराच्या वर भरलं तर गाड्यांच्या कामावरून काढून हैदराबादेत रेकॉर्डाच्या ऑफिसात बसवू, असा मजकूर.

मी म्हटलं, "बसून काम आहे, बरंच झालं की मास्तर."

ते एकदम माझ्यावर खेकसले. "बरं काय झालं? डोकं आहे का तुला? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पालमहून इथं पोरीला पाठवतील. हैदराबादेला इतक्या लांब पोटुशी पोर कोण धाडतंय? व्याही जुन्या वळणाचे आहेत. पोर तिथंच राहील, आणि तिची आई इकडं रडत बसेल."

मग हळूच म्हणाले, "लग्न झाल्यापासून एकदाच आलीय रे शांता. काकूला यातलं अक्षर कळता कामा नये. तिला कळलं तर माझ्या आधी तीच जेवण सोडेल."

मला आणि सटवाजीला त्यांनी तिथल्या तिथं शपथ घातली. गफूरचाचांना संध्याकाळी ठेल्यावर सगळं सांगितलं, पण शपथ घालायची तेवढी राहून गेली.

आता वजन उतरवायचं कसं? मास्तर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी ठेल्यासमोर उभं राहून त्यांनी गफूरचाचांकडं बोट दाखवलं. चाचा म्हणजे नुसती हाडं आणि दाढी.

"बाबू, याला बघ! तीस वर्षं झाली, रात्रंदिन या भज्यांपाशी उभा आहे. आहे का अंगावर तोळाभर मांस? आणि मला बघ, मी बावीस वर्षं घरचं जेवतोय! घरात काकू वाढत जाते, आपण जेवत जातो. 'पुरे' म्हटलं की अजून एक भाकरी पडते. ठेल्यावर प्लेट मोजकी, आग्रह नाही. वजन वाढतं ते आग्रहानं!"

बोलणं बिनतोड होतं. चाचा काहीतरी सांगायला गेले, पण मास्तरांनी त्यांना गप्प केलं आणि पहिली प्लेट मागवली.

*

नियम असा ठरला. घरचं ताट बंद. खायचं ते ठेल्यावर, एक प्लेट, उभ्यानं, आणि पॅसेंजर फलाटावर उभी असेल तेवढ्याच वेळात. गाडी हलली की हात धुवायचा. आमच्याकडं पॅसेंजर थांबायची दोन मिनिटं, आणि दिवसाला गाड्या चार. म्हणजे दिवसभराचं जेवण आठ मिनिटांत!

अडचण एकच होती. गाडी उभी असते तेव्हाच मास्तरांना सगळ्यात जास्त काम. ड्रायव्हरला टोकन द्या, तिकिटं गोळा करा, गार्डाला झेंडा दाखवा. पहिले दोन दिवस ते भजं गालात धरूनच 'तिकीट, तिकीट' करत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी आली. ड्रायव्हरला टोकन देऊन मास्तर ठेल्याकडं धावले. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात तळलेली हिरवी मिरची, झेंडा बगलेत. मिरचीचा घास घेतला आणि ती निघाली जहाल! मास्तर 'हाऽऽ हाऽऽ' करत मिरचीसकट हात हवेत झटकायला लागले. तिकडं शिट्टी झाली आणि गाडी निघाली की!

मास्तर गार्डाच्या डब्यामागं पळत सुटले. "अहो, मी झेंडा कुठं दाखवला?"

गार्ड दाराशी पोट धरून हसत होता. तिथनंच ओरडला, "मास्तर, हिरवं दिसलं, निघालो! नियमात रंग लिहिलाय, कापड लिहिलं न्हाई!"

त्या दिवसापासून प्लेटमधून मिरची बंद झाली.

*

काकू बिचाऱ्या पहिल्यासारखाच स्वयंपाक करत होत्या. बाराला ताट वाढायचं, झाकून ठेवायचं. मास्तर दारातूनच सांगायचे, "आज ड्युटी लय आहे, ठेल्यावर खाल्लं." रोज नवं कारण कुठून आणणार? मग कारण सांगायचंही बंद झालं.

आठ-दहा दिवसांनी काकूंनी मला हाक मारली. "बाबू, ये रे बाबा, बस पानावर. अन्न टाकवत नाही मला."

मी एकटा जीव, स्वतःच्या हातचं कच्चं-पक्कं गिळणारा. मी कशाला नाही म्हणतो! ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, भातावर तूप. रोजचंच झालं ते.

एकदा वाढता वाढता काकूंचा हात थांबला. "बाबू, खरं सांग. माझ्या हातची चव गेली का रे?"

शपथ घातलेली. मी ताट पुढं केलं. "काकू, अजून एक भाकरी द्या."

"तू भुकेला आहेस, तुला गोड लागायलंय. बावीस वर्षं जेवला माणूस माझ्या हातचं. आता ठेल्यावर उभं राहून खायलाय. माझंच काहीतरी चुकायलंय, आणि मला सांगायनात."

ती भाकरी मी खाल्ली, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. काकूंना वाटलं चटणी तिखट झाली. त्यांनी वर दही वाढलं. त्यानं तर मला अजूनच रडू आलं.

तिथून उठलो तो तडक ठेल्यावर. "चाचा, मला हे बघवत नाही. आणि शपथेमुळं बोलताही येत नाही."

चाचा झाऱ्यानं भजे उलटत म्हणाले, "तुमकू कसम डाले ना? मेरेकू कौन डाला?"

*

तीन आठवड्यांत मास्तरांची छाती जळायला लागली. दिवसभर सोडा आणि ढेकर. तोंड एवढंसं झालं. एक दिवस प्लेट पुढं आली आणि मास्तरांनी मान फिरवली.

"गफूर, तू तीस वर्षं हे कसं पचवतोस रे?"

चाचांनी प्लेट बाजूला ठेवली. खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. "मास्तरसाब, पैले दिन से बोलने की कोशिश करतूं, तुम बोलनेच नै देते. मेरेकू भज्जे हजम नै होते! तीस साल में एक नै खाया."

"मग खातोस काय?"

"जवारी की रोटी. खुद पकातूं, लसन की चटनी के साथ खातूं. दो वखत, बस!"

मास्तर मटकन बाकड्यावर बसले. ज्याच्या अंगाकडं बघून सगळा सिद्धांत उभा केला, तो माणूस घरची भाकरी खाणारा निघाला! मला वाटलं, आता तरी हे घरी जेवायला जातील. छे! मास्तर म्हणाले, "असं असेल तर तू खातोस तेच मला दे. पण याच प्लेटमध्ये. प्लेट हॉटेलची आहे ना? मग खाणं हॉटेलचंच झालं."

चाचांची भाकरी म्हणजे जाड जाड, एका बाजूनं करपलेली. मास्तर पहिल्या दिवशी अर्धी भाकरी चावून चावून दमले. पुढच्या आठवड्यात मात्र भाकरी बदलली. पातळ, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, संगं मेथीची कोरडी भाजी आणि वाटीभर ताक. दोन वेळा, मोजून एकेक.

मास्तर पहिला घास तोंडात टाकून डोळे मिटून उभे राहिले. "गफूर, तुझा हात लयच सुधारला रे!"

"हौ साब," चाचा म्हणाले, "सीख रहूं."

तर दोस्तहो, हॉटेलातल्या खाण्यानं वजन उतरतं का? उतरतं की! फक्त हॉटेलवाला भाकरी वाढणारा पाहिजे.

*

मास्तरांनी स्वतःचं वजन बघायचा वार ठरवला होता गुरुवार. सोमवारचं उभं राहणं सरकारी, त्यात घरचं काम मिसळायचं नाही! सोमवारी ते रजिस्टरात डोकं घालून असायचे, आकडा बघायचं काम सटवाजीचं. गुरुवारी मात्र वहाणा काढायचे, खिसे रिकामे करायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि मग काट्यावर पाय ठेवायचे.

"किती रे, सटवाजी?"

"अडीच मण, साहेब."

पुढचा गुरुवार, अडीच मण. त्याच्या पुढचा गुरुवार, अडीच मण! श्रावण गेला, भादवा गेला, नवरात्र आलं. दांडी म्हणून जागची हलायला तयार नाही.

आणि मास्तरांचा कोट बघावा तर खांद्यावरून घसरत होता. सटवाजीनं त्यांच्या पट्ट्याला खिळ्यानं तीन नवी भोकं पाडून दिली. एकदा न राहवून तो म्हणाला, "साहेब, पट्टा तर लय सैल व्हायलाय."

"कातडं आहे ते, ताणतं."

"आन कोट?"

"धोबी आपटतो. कपडा खोटं बोलेल, सटवाजी, काटा बोलत नाही. दर सोमवारी माझी सही आहे त्याच्यावर!"

सटवाजीची काट्याबद्दल वेगळीच तक्रार होती. "साहेब, काटा म्हातारा झालाय. दर सोमवारी कमी दाखवायलाय. मी चकती काढतो, मग अडीच मणावर येतंय."

"मग नीट कर. तुझं कामच आहे ते."

सटवाजी नीट करत होता. काढलेल्या चकत्या तो एका पत्र्याच्या डबीत टाकायचा. सरकारी माल, हरवायला नको!

*

याच दिवसांत सटवाजीचा मेहुणा राणीसावरगावहून लोकरीचे गठ्ठे घेऊन आला. मी काट्यावर चढवले आणि आकडा सांगितला. मेहुणा बघतच राहिला.

"बाबू, पुन्यांदा बघा. तेवढीच मेंढरं, तेवढीच लोकर, आन वजन येवढं?"

पुन्हा बघितलं. तेवढंच! मेहुण्याची छाती फुगली. "औंदा पाऊस चांगला झालाय. माझ्या मेंढराला चरायला लय मिळालंय. अशी लोकर साऱ्या तालुक्यात न्हाई!" जाताना तो ठेल्यावर सगळ्यांना चहा पाजून गेला, आणि गाडी येईपर्यंत त्याच्या मेंढ्यांचंच कौतुक चाललं होतं.

मला मात्र पुढच्या मोठ्या स्टेशनावरून चिठ्ठी आली, 'तुमचं पार्सल इथं आलं की हलकं कसं भरतं?' मी उलट टपाली ठणकावून कळवलं, 'आमचा काटा दर सोमवारी तपासला जातो. आपला तपासून घ्यावा.'

मग मी स्वतः काट्यावर उभा राहिलो. दीड मणाचा मी, दोन मणाच्या घरात गेलेलो! काकूंच्या ताटाचा थोडा हात होता त्यात, पण एवढा? मी मास्तरांना सांगितलं तर ते खिन्न हसले. "बघ बाबू. मी उपाशी, वजन तुझं वाढायलंय. माझं नशीबच उलटं."

पहिल्या सोमवारी 'कमी-जास्त झालं तर?' असं विचारणारा मीच की! आणि तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. रोज ज्या काट्यावर आपण सगळ्या गावाचं वजन करतो, त्याच्यावर शंका कशी घ्यावी? माणसावर घ्यावी, ते सोपं असतं.

*

दिवाळी झाली. तपासणीच्या आदल्या गुरुवारी मास्तर शेवटचं काट्यावर चढले. अडीच मण. ते खाली उतरले, वहाणा घातल्या, आणि क्वार्टरकडं चालू लागले. मी मागोमाग गेलो. मला त्यांना एकटं सोडवेना.

त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढली आणि कपडे भरायला लागले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठं निघालात?"

मास्तरांचा धीर सुटला. पेटीवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. पत्र, हैदराबाद, शांता, भजे, भाकरी. "चार महिने उपाशी राहिलो गं. एक शेर उतरला नाही. पोरीचं बाळंतपण माझ्या या देहानं घालवलं." एवढा मोठा माणूस, लहान लेकरासारखा रडायला लागला.

काकू त्यांच्याजवळ खाली बसल्या. "उपाशी कुठं होता तुम्ही? दोन वेळा भाकरी खात होता की."

"ती गफूरची."

"गफूरभाईंची भाकरी तव्याला चिकटते. तीन महिने रोज दोनदा मागच्या दारानं कोण नेऊन देत होतं त्यांना?"

"तुला माहीत होतं?"

"सगळं. गफूरभाईंनी सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला लपवायचंय तर लपवू द्यावं. म्हटलं, मोजून देते, माझ्या हातचं पोटात तर जायलंय." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आणि ते ठेल्यावर चव घेऊन 'हात सुधारला' म्हणालात ना, ते मी मालाच्या शेडमागं उभी राहून ऐकलं होतं."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आता चला. हैदराबाद तर हैदराबाद. पाटावर बसा." चार महिन्यांनी मास्तर घरच्या ताटावर जेवले. मी उंबऱ्यातूनच परत फिरलो.

*

तपासणीला मास्तर सकाळच्या गाडीनं गेले, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. गाडीतून उतरले ते भूत बघितल्यासारखे. काकू, मी, सटवाजी, चाचा, सगळे फलाटावर वाट बघत होतो.

काकूंनी विचारलं, "कधी जायचं हैदराबादेला?"

"जायचं नाही. पास झालो."

"आँ?"

मास्तरांनी टोपी काढली आणि बाकड्यावर बसून सांगायला सुरुवात केली. "डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. म्हणाले, दोन मण तीन शेर, छान, पास. मी म्हटलं, साहेब, तुमचा काटा चुकलाय. मी अडीच मण आहे."

"अहो, पण पास केलं होतं ना!" मी किंचाळलोच.

"खोट्या काट्यावर पास होऊ का मी? मी रेल्वेचा माणूस आहे! मी सांगितलं, आमच्या स्टेशनाचा काटा दर सोमवारी तपासला जातो, एक सोमवार चुकलेला नाही, रजिस्टर आहे, माझी सही आहे. डॉक्टर म्हणाले, 'असं? मग तुम्ही तो कशानं तपासता?'"

"मग?"

मास्तरांनी आमच्याकडं एकेकाकडं पाहिलं.

"मी म्हटलं, 'माझ्या वजनानं.'"

चाचांचा चहा उतू गेला. सटवाजी वळला, धावत पार्सल ऑफिसात गेला आणि पत्र्याची डबी घेऊन आला. झाकण काढून त्यानं चकत्या काकूंच्या ओंजळीत ओतल्या. बरोबर सतरा होत्या.

"काकू," तो म्हणाला, "हे घ्या. साहेबाचं उतरल्यालं वजन. मी जपून ठिवलं हुतं."

*

काट्याला सटवाजीनं लाइनवरच्या गँगकडून दुसऱ्या सतरा चकत्या आणून बसवल्या. जुन्या काकूंनी दिल्याच नाहीत. मार्गशीर्षात शांता पालमहून आली, आणि माघात क्वार्टरमध्ये बाळ रडलं. मुलगी झाली. रडायला लागली की काकू ती पत्र्याची डबी तिच्या कानाशी खुळखुळ वाजवायच्या, आणि पोर टकामका बघत गप्प व्हायची.

बारशाच्या आठवड्यात शिक्क्याची नवी वजनं आली. चार अर्ज आणि चार वर्षं! सोमवारी सटवाजीनं ती एकेक चढवून काटा तपासला. बरोबर निघाला. पण त्याचं तोंड उतरलेलं. "साहेब, आता तुमचं काय काम न्हाई म्हना."

मास्तर नातीला दुपट्यात घेऊन दारात उभे होते. पुन्हा घरी जेवायला लागून त्यांना तीन महिने झाले होते. कोट खांद्यावर नीट बसला होता. काकू मागं डबी हातात घेऊन उभ्या होत्या.

"राहू दे," मास्तर म्हणाले, "सवय आहे पायांना." आणि नातीसकट ते काट्यावर चढून उभे राहिले. फळी पूर्वीसारखीच करकरली.

सटवाजीनं दांडीवरचं वजन हळूहळू पुढं सरकवलं. दांडी खाली-वर झाली, जरा हलली, आणि थांबली. तो वाकून आकडा बघत राहिला.

"किती रे?" काकूंनी विचारलं.

"अडीच मण, काकू. एक शेर कमी न्हाई, एक शेर जास्त न्हाई."

मास्तरांनी नातीच्या कपाळावरचं दुपटं सारखं केलं आणि रजिस्टराकडं न बघताच मला म्हणाले, "बाबू, लिही. काटा बरोबर."